आतला खिसा

मुगभाटात जिन्याखालच्या खोलीत आईचं मशीन होतं.
आत यायचं तर वाकावं लागे.
एका डिसेंबरच्या दुपारी खोरशेद बानाजी
परिषदेच्या कुणा पाहुणीला घेऊन आली.
पाहुणी वाकली नाही. तेवढी उंचच नव्हती.

मी नऊ वर्षांची, काजं करत बसलेले.
नाव विचारलं तर म्हणाली, हान मेसुन,
आणि टेबलावरच्या खडूच्या भुकटीत
बोटाने तीन अक्षरं काढली, घरांच्या नकाशासारखी.
खोरशेद म्हणाली, हे नाव जपान्यांनी काढून घेतलेलं,
पाच वर्षं बाई भलत्याच नावाने हजेरी देत होत्या,
त्यातली दोन तुरुंगात.
आईने ती भुकटी संध्याकाळपर्यंत पुसली नाही.

काम साधं होतं.
आखूड पांढरी चोळी, छातीशी लांब फितीची एकच गाठ,
त्या गाठीमागे आतून खिसा हवा होता.
केवढा?
बाईंनी चार घड्यांचा कागद काढला.
सभागृहात कागद हातात दिसला
की समोरचे म्हणतात, नवऱ्याने लिहून दिलंय.
नवरा लढाईच्या पहिल्या थंडीत उत्तरेकडे नेला,
तिथून पत्र येत नाही.
लढाई थांबून तेव्हा दीड वर्ष झालं होतं.
आईच्या हातातली टेप
सव्वासहा इंचांवर तशीच राहिली.

मी पाणी दिलं. एकच घोट घेतला.
मग खोरशेदने सांगितलं, ओशाळून, पारशी मराठीत,
की तिथे दोनशे पुरुष आणि ह्या एकट्या,
आणि एवढ्या मोठ्या दगडी इमारतीत
बायकांसाठी संडास नाही.
म्हणून अधिवेशन असलं की सकाळपासून पाणी बंद.
आता सवयच झालीय.
आई म्हणाली, त्यांना सांग, इथे प्या पोटभर.
जिन्यामागे आहे. सात बिऱ्हाडांत एक, पण आहे.
हे भाषांतर खोरशेदने केलं की नाही कोण जाणे.
बाईंनी पेला मात्र रिकामा केला.

मशीन चालू झालं तशा त्या बोलू लागल्या.
निवडणुकीला उभ्या राहिल्या तेव्हा
एका म्हाताऱ्याने भर बाजारात अडवलं:
कोंबडी आरवली की घर बुडतं.
ही त्यांच्याकडची म्हण. शाळेत न घालताना बापानेही
हीच ऐकवली होती.
आईने पाय न थांबवता म्हटलं,
आमच्यात म्हणतात, कोंबडं झाकलं
म्हणून उजाडायचं राहत नाही.
खोरशेदला वेळ लागला. मधे तिने दोन्ही हातांनी
टोपली पालथी घालून दाखवली,
मग पूर्व दाखवली, तीही चुकीची, चर्नी रोडकडे.
मेसुनबाई आधी तोंडावर हात ठेवून हसल्या.
मग हात काढून हसल्या.
वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावलं.

आईने आठ आणे घेतले.
मला वाटलं होतं, घेणार नाही.

पुढे आईने स्वतःच्या सगळ्या पोलक्यांना
आतून खिसा लावला. त्यात रेशनची पावती असे,
एकदा तर महापालिकेला द्यायचा अर्ज,
नळाच्या तक्रारीचा, अठरा सह्यांचा.
तो तिने साहेबासमोर उभं राहून
न बघता, पाठ म्हटला.

मोतीबिंदू झाला तेव्हा पेपर मी वाचून दाखवायचे.
सोन्याच्या भावाखाली बातमी होती, पाच ओळींची.
कोरियातील ज्येष्ठ संसदपटू. आपल्या जिल्ह्यातून
निवडून आलेल्या पहिल्या महिला. वय ऐंशी.
नाव छापताना दोन अक्षरं उलटसुलट झालेली.
आई म्हणाली, पुन्हा वाच.
वाचलं.
खिशाचं काही?
नाही.
पाण्याचं?
नाही गं.
बराच वेळ ती चादरीची शिवण चाचपत बसली.
मग म्हणाली,
दोरा माझा चुकला होता त्या दिवशी.
पांढरा संपला होता, मी मोतिया लावला.
आतून होता, कुणाला दिसणार नव्हता.
तिने पाहिलं होतं पण.
काही बोलली नाही.